चार बोटांचं माप

'गेज' हा शब्द मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. मी वयाच्या नवव्या वर्षापासून क्रोशा विणते. तोरणं, रुमाल, टीव्हीवर टाकायच्या झालरी, भावकीतल्या प्रत्येक बारशाला टोपडं, सगळं केलं, आणि एकदाही कुणी विचारलं नाही की बाई, तुझा गेज किती. अंदाजाने धागा घ्यायचा, हाताला येईल ती सुई घ्यायची, डोक्याला बसली तर टोपी, नाही बसली तर उसवायची. आणि आता हिंजवडीच्या सोळाव्या मजल्यावरून लेकीच्या वयाची एक बाई मला सांगत होती की टोपी सुरू करण्याआधी एक चौकोनी तुकडा विणा, तो धुवा, वाळवा, टेपने मोजा, आणि मग बाजूला ठेवून द्या. ठेवून द्यायला विणायचं! माझं डोकं तिथूनच तापायला सुरुवात झाली.

तिला मी मॅडम म्हणायचे, ती मला काकू. तिने आयटीतली नोकरी सोडली होती आणि टोप्यांचे नमुने लिहायची. नमुना म्हणजे टोपी नव्हे, टोपी कशी विणायची त्याचा कागद. तो कागद कुठल्या कुठल्या देशांतल्या बायका इंटरनेटवरून विकत घेतात म्हणे. बाहेर जाण्याआधी दोन-चार जणींनी तो विणून बघायचा आणि कुठे अडतं ते सांगायचं, याला टेस्टिंग म्हणतात. मारुंजीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहणाऱ्या एका मुलीने तिला माझं तोरण दाखवलं, आणि मी टेस्टर झाले.

पहिला कागद तिने मला वाचून दाखवला, कारण तो इंग्रजीत होता. टाळूपासून सुरू करायचं. चौदा खांब. खांब म्हणजे सुईवर एक वळसा घेऊन काढलेला उंच टाका, हे तिला मी सांगितलं, तिच्या भाषेत त्याला भलतंच काहीतरी नाव होतं. पुढे दर ओळीला चौदा वाढवायचे, सत्तर झाले की वाढ बंद, सरळ खाली उतरायचं. आणि गेज, म्हणजे ठरलेल्या मापात किती टाके बसतात ते: चार इंचांत चौदा खांब. माझे सोळा आले. मॅडम म्हणाल्या, "काकू, तुमचा हात टाइट आहे, मोठी सुई घ्या." मी म्हटलं माझा हात चाळीस वर्षं असाच आहे, आणि तीच सुई घेऊन टोपी विणली. ती आमच्या यजमानांच्या डोक्यावर शेंडीसारखी वर राहिली. घरातले सगळे हसले. मी ती टोपी खसाखसा उसवली, मोठी सुई घेतली, चौदाचं माप आणलं, आणि दुसरी टोपी अशी बसली की यजमान ती घालून चहाला चौकात जाऊन आले.

म्हणजे बाई बरोबर होती. हे मान्य करायला मला चार दिवस लागले, पण एकदा पटल्यावर मी अशी कट्टर झाले की विचारू नका. जिला तिला गेज शिकवायला लागले. जाऊबाईंना शिकवला, समोरच्या सोसायटीतल्या दोघींना शिकवला. माझ्या बोलण्यात 'चार इंचांत किती येतात ते आधी सांग' हे वाक्य इतकं यायला लागलं की घरात कुणी माझ्यापुढे टाका घालेना. याच भरात मी ते केलं, ज्याचा मला अजून संताप येतो.

मॅडमना कायम विणणारी एक बाई हवी होती. त्यांच्या प्रत्येक नव्या नमुन्याच्या चार-पाच टोप्या फोटोसाठी आणि दुकानांसाठी लागायच्या. घरी बसून करायचं काम, बारा महिने. मला ते नको होतं, डोळे साथ देत नाहीत. पण कुणाला द्यायचं ते माझ्या मनात लगेच आलं.

माझं माहेर मुळशी धरणाच्या कडेला. भावाच्या भातखाचरांच्या वर डोंगरात एक वाडी आहे, तिथल्या बाया लावणी-कापणीला आमच्याकडे येतात. त्यातल्या एकीच्या हातात मी मागच्या कापणीला एक पिशवी पाहिली. नायलॉनच्या दोऱ्याची. तिचा नवरा धरणात मासे धरतो, त्याच्या फाटक्या जाळ्याचा दोरा सोडवून तिने ती क्रोशाने विणली होती. नायलॉन म्हणजे मेलं निसटतं, टाका धरत नाही. आणि हिचा प्रत्येक खांब शेजारच्या खांबाएवढा. आश्रमशाळेत बाईंनी सातवीत शिकवलं होतं, म्हणाली. मी ती पिशवी उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली, आणि मला हेवा वाटला.

तिला त्या कामाची गरज होती, आणि गरज साधी नव्हती. गर्भपिशवीचं ऑपरेशन होऊन तिला वर्ष झालं नव्हतं. डॉक्टरांनी ओझं उचलायचं नाही म्हणून सांगितलं होतं. आता डोंगरातल्या बाईने ओझं उचलायचं नाही म्हणजे काय करायचं? पाणी डोक्यावर, सरपण डोक्यावर, भाताचे भारे डोक्यावर, आणि कापणी संपली की रिसॉर्टच्या बांधकामावर सिमेंटची घमेली, तीही डोक्यावर. ती कापणीला आलीच कशी म्हणून मी तिला रागावले तर म्हणाली, "मंग काय करू, आत्या? वजं उचलू नको म्हणायला डाक्टरला काय जातंय." मी माहेरची लेक, म्हणून वाडीतली सगळी तरुण माणसं मला आत्या म्हणतात. मी तिला शब्द दिला की बसून करायचं काम तुला मिळवून देते.

मॅडम म्हणाल्या, "काकू, त्यांनी एक टेस्ट टोपी करून दाखवू दे. गेज बसला तर मी लगेच घेते." मी धागा पाठवला, पाच नंबरची सुई पाठवली, भावाच्या हाती, एका पिशवीत. टेप पाठवली नाही. मापाची टेप, जी मारुंजीतल्या कुठल्याही कटलरीच्या दुकानात टांगलेली असते, ती त्या पिशवीत टाकायचं मला सुचलं नाही.

वाडीत रेंज नाही. ती खालच्या वळणावर येऊन नवऱ्याच्या फोनवरून मला फोन करायची. मी कागद घेऊन बसायचे आणि मॅडमसारखी वाचून दाखवायचे. गेजपाशी आलो तेव्हा ती म्हणाली, "आत्या, इंच कसं मोजू? हितं टेप न्हाई."

आणि मी म्हटलं, "अगं, चार इंच म्हंजी आपली चार बोटं. चार बोटं धर आन् मोज."

हे माझं वाक्य. मी ते कुणाकडून उसनं घेतलेलं नाही. माझ्या आईने आयुष्यभर बोटांनी मोजलं. भातात पाणी दोन पेरं, पोलक्याची बाही कोपराच्या वर चार बोटं, परकराचा नेफा दोन बोटं. आमच्या घरात इंच आणि बोट यांत कुणी फरक केलाच नाही, कारण पोलकं अर्ध्या बोटाने इकडेतिकडे झालं म्हणून कुणाचं काही अडत नव्हतं. मी गेजचे धडे देत गावभर फिरले आणि माप सांगायची वेळ आली तेव्हा आईच्या स्वयंपाकघरातून बोलले.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. "आत्या, धा बसत्यात."

"दहा? चौदा पायजेत. हात सैल हाय तुजा."

"न्हाई ओ. माजा हात नेहमीचाच हाय."

"नेहमीचा चालत न्हाई हितं. घट्ट वीण. उसव आन् परत कर."

पुढच्या खेपेला अकरा आले. मी सांगितलं, बारीक सुई घे. तिच्याकडे आश्रमशाळेतली लोखंडी सुई होती, ती घेतली. बारा आले. एका फोनवर ती म्हणाली की धागा घुसमटतोय, सुई आत जातच नाही, ढकलावी लागते. मी चिडले. मी तिला काय म्हटलं ते नीट आठवतं, कारण मॅडमनी मला जे म्हटलं होतं त्याहून कितीतरी वाईट शब्दांत मी तेच म्हटलं होतं: काम पायजे तर हाताला वळण लाव, नायतर जा घमेली उचलायला.  तिकडून गाडी गेल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

मग तिने फोटो पाठवला. विणलेल्या तुकड्यावर तिची डाव्या हाताची चार बोटं आडवी ठेवलेली, आणि कडेचे खांब मोजायला सोपे जावेत म्हणून पहिल्या आणि शेवटच्या खांबात हळदीने पिवळी केलेली दोऱ्याची गाठ. चौदा. बरोबर चौदा. पहिल्या बोटाला चिकटपट्टी गुंडाळलेली होती. मी तो फोटो मोठा करून खांब मोजले, दोनदा मोजले, आणि बोटांकडे पाहिलंच नाही. 'शाबास' असं लिहून पाठवलं.

दीड महिन्याने टोपी आली. भावाने ती आणून दिली तेव्हाच हाताला वेगळी लागली. टेबलावर ठेवली तर करवंटीसारखी उभी राहिली. मला वाटलं, घट्ट आहे पण सुबक आहे. वीण इतकी एकसारखी होती की मी मनात म्हटलं, मॅडम बघतच राहतील. घडी घालता येत नव्हती म्हणून तशीच पिशवीत ठेवून मी रिक्षाने हिंजवडीला गेले.

मॅडमनी टोपी हातात घेतली, फिरवली, घेराला टेप लावली आणि हसल्या. "काकू, सव्वाचौदा इंच. हे बाळाचं टोपडं झालं. वीस हवेत ना." मग त्यांनी टोपी आडवी धरून टेप चार इंचांवर पकडली आणि खांब मोजले. एकोणीसच्या पुढे गेले. टेबलावर टेपच्या शेजारीच माझा हात आडवा टेकलेला होता. माझी चार बोटं तीन इंचांवर संपत होती, आणि टेप पुढे एक इंच तशीच मोकळी पडली होती.

मला सगळं त्याच क्षणी कळलं. एका सेकंदात. पहिल्या दिवशी तिचे दहा आले होते ते तीन इंचांपेक्षा थोड्या कमी जागेत आले होते, म्हणजे चार इंचांत चौदा. कुणी काही न सांगता, पहिल्याच तुकड्यात, तिचा हात बिनचूक होता. मला दोन टोप्या विणाव्या लागल्या होत्या.

मॅडम म्हणाल्या, "फिनिशिंग छान आहे. पण त्यांना इंच कळत नाहीत का?"

आणि मी म्हणाले, "डोंगरातली आहे हो. मापाची सवय नाही."

हे मी म्हणाले. माझ्या तोंडाने. माझी चूक आहे एवढंच म्हणायचं होतं, त्याला किती शब्द लागतात? पण समोर बसलेल्या त्या पोरीपुढे, जिच्याशी मी गेजवरून भांडले होते आणि हरले होते, मला पुन्हा खोटं पडायचं नव्हतं. म्हणून मी एका बाईला खोटं पाडलं जी तिथे नव्हती. मॅडमनी मान हलवली, म्हणाल्या की मग नको काकू, दुसरी कुणी बघा, आणि चहा विचारला. मी तो चहा प्यायले.

परतताना चौकात तासभर अडकले. रिक्षावाला हिंदीत कुणाला तरी शिव्या देत होता, पुढे कंपनीच्या गाड्या, मागे टेम्पो, आणि मांडीवर ती टोपी. मला मॅडमचा राग आला, की टोपी हातात धरून एवढी एकसारखी वीण दिसत नाही का? मग भावाचा आला, काहीही कारण नसताना. आईचा आला, ती जाऊन सहा वर्षं झाली तरी. घरी पोचेपर्यंत रागवायला कुणी उरलं नाही, फक्त मीच राहिले. रात्री यजमानांनी भाजीत मीठ नाही म्हटलं तर मी ताट उचलून ठेवून दिलं.

दोन दिवस मी मूग गिळून बसले. तिसऱ्या दिवशी सकाळीच सोळाव्या मजल्यावर गेले आणि दारातच सांगून टाकलं: चार इंचांऐवजी चार बोटं मी सांगितली, तिचे पहिल्या दिवशी बरोबर आले होते, मी तिला दीड महिना चुकीचं विणायला लावलं, आणि परवा तुमच्यासमोर खोटं बोलले. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "काकू, परवाच का नाही सांगितलंत?"  त्या म्हणाल्या की रविवारपर्यंत त्या बाईंकडून एक तुकडा करून घ्या, टेप लावलेला फोटो पाठवा, चार इंचांत चौदा दिसले की काम त्यांचं.

मी जिंकल्यासारखी निघाले. हो, मला लाज नाही. खाली उतरून टेप घेतली, नव्या धाग्याचा गुंडा घेतला, पाच नंबरची आणखी एक सुई घेतली, एसटीने माहेरी गेले आणि तशीच वर वाडीला चढले. चूक मी केली होती, पण निस्तरलीही मीच, असं काहीतरी माझ्या डोक्यात चाललं होतं.

ती दारात वरी पाखडत बसली होती. मी सगळं सांगितलं. ती सूप खाली ठेवून ऐकत होती.

"म्हंजी पह्यले धा आलं हुतं, ते बरूबर हुतं?"

"व्हय."

"आन् मी एवढ्या येळा उसवलं, ते उगाच?"

"व्हय गं. माजं चुकलं."

 बोटावरची चिकटपट्टी काढून तिने ती भिंतीच्या फटीत खोचली. मी म्हटलं, झालं गेलं जाऊ दे, रविवारपर्यंत वेळ आहे, तुझा पहिला हात तसाच चालव, चार ओळी विण, लगेच मोजू. मोठी सुई तिच्या हातात दिली.

तिने चार ओळी विणल्या. मी टेप लावली. चौदा खांब, सव्वातीन इंच.

"सैल सोड," मी म्हटलं. तिने उसवून पुन्हा विणलं. सव्वातीनच्या किंचित पुढे. तिचा अंगठा धाग्यावर दाबलेला होता आणि प्रत्येक टाक्याला ती धागा मागे ओढत होती. जाळ्याच्या दोऱ्याची पिशवी विणणारा हात तो नव्हताच. दीड महिना मी फोनवरून जे घोकून घेतलं होतं, ते तिच्या हातात बसलं होतं. तिसऱ्यांदाही तेच झालं. माझा तोल गेला. "अगं, सोड ना हात! किती येळा सांगू? नेहमीसारखा सोड!"

तिने सुई खाली ठेवली.

"वरडू नका, आत्या," ती म्हणाली. शांतच म्हणाली. "तुमी फोनवर वरडायच्या तवापास्नं ह्यो असा आखडलाय. तुमी हितं बसल्याव न्हाई सुटायचा."

मला एवढा संताप झाला की कानशिलं गरम झाली, आणि तिच्या बोलण्यातला एक शब्दही खोटा नव्हता म्हणून तो संताप काढायला जागा नव्हती. तिने सूप पुन्हा जवळ ओढलं.

"टेप ठिवा हितं," ती म्हणाली. "आन् त्या बाईंचा लंबर लिवून द्या. तुमी जा आता, ऊन हाय तवर उतरा."

मी टेप ठेवली. नंबर लिहायला कागद नव्हता, म्हणून नमुन्याच्या कागदाच्या पाठीमागे लिहिला आणि उतरायला लागले. उतारावर दोनदा घसरले.

रविवारी माझ्या फोनवर काही आलं नाही. संध्याकाळपर्यंत मी वीस वेळा पाहिलं असेल. मी फोन केला नाही. करायला हात गेला की मीच मला शिव्या घालायचे. सोमवारी मॅडमचा फोन आला.

"काकू, रात्री फोटो आला त्यांचा. टेप लावलेला. चौदा, चार इंच, परफेक्ट. मी घेतलंय त्यांना."

मी म्हटलं, बरं झालं. खरंच बरं वाटलं, पोटातून वाटलं.

"फक्त त्यांची एक अट आहे," मॅडम म्हणाल्या आणि जरा अडखळल्या. "मापं मी थेट त्यांनाच सांगायची. मध्ये तुम्ही नको, असं म्हणाल्या."

"बरूबर हाय तिचं," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.